पैठणीचा भाव आणि विणकराची भाकर

तुळशीचें लग्न लागलें कीं आमच्या दिघींत लग्नांचे दिवस सुरू होतात. आळंदी रस्त्यावरचीं कार्यालयें गजबजूं लागतात, आणि ज्या घरांत मुलगी उजवावयाची असते तेथें पहिला प्रश्न निघतो तो हा, "पैठणी कितीची घ्यावयाची?" ती कोणत्या गांवची, कोणत्या धाग्याची, कोणाच्या हातची, हें कोणी विचारीत नाहीं. कितीची, एवढेंच. पांच हजारांची म्हटली तर सोयरे नाक मुरडतात. पंचवीस हजारांची म्हटली तर मुलीचा बाप पतपेढीची पायरी चढतो. ज्यांची जमीन कारखान्यांच्या व बिल्डरांच्या हातीं गेली त्यांचा पैसा जोंवर गांठीस होता तोंवर हा प्रश्न कोणास टोचला नाहीं. आतां तो पैसा बहुतेक घरांतून सरला आहे. मुलगे भोसरी-चाकणच्या कारखान्यांत कंत्राटावर जातात, आणि लग्नाचा थाट मात्र जमीन विकली त्या सालचाच राहिला आहे.

म्हणून या आठवड्यास आम्हीं पैठणीचा विषय घेतला आहे. आमचें म्हणणें आरंभींच सांगून टाकतों. हातानें विणलेली पैठणी हें आपल्या मुलखांतील कारागिराच्या बुद्धीचें व मेहनतीचें अस्सल फळ आहे. ती महाग आहे, आणि ती महाग असणें रास्तच आहे. पण आपण जो पैसा मोजतों त्यांतला थोडाच त्या कारागिराच्या घरीं पोंचतो. आणि पुष्कळदां तर मुळींच पोंचत नाहीं, कारण आपण घरीं आणलेली वस्तु पैठणीचें नांव लावलेलें यंत्राचें कापड असतें. घेणारा शेतकरी फसतो आणि विणणारा कारागीर अर्धपोटी राहतो. दोघेही आपलेच. मधला पैसा कोठें मुरतो याचा हिशेब दोघांनींही मागितला पाहिजे.

आधीं या वस्त्राचें कूळ थोडक्यांत पाहूं. पैठण म्हणजे जुनें प्रतिष्ठान, गोदाकांठची सातवाहनांची राजधानी. सुमारें १,९०० वर्षांपूर्वीं ग्रीक भाषेंत लिहिलेल्या एका दर्यावर्दी टिपणांत पैठण व तेर या दोन पेठांचीं नांवें आहेत. तेथला माल गाड्यांत भरून भडोच बंदरास जात असे, आणि तेरच्या मालांत कापड पुष्कळ असे. पुढें पेशवाईंत पुण्याच्या वाड्यांतून पैठणच्या रेशमी व जरीच्या वस्त्रांस मागणी होती. हैद्राबादच्या निजामाच्या घराण्यानेंही तीं घेतलीं. कोणत्या सरदारानें कोणत्या रंगाचा शेला मागविला, कोणत्या राणीस कोणती नक्षी आवडली, हें लोक हौसेनें सांगतात. पण तो शेला विणला कोणी? त्याचें नांव कोठेंही लिहिलेलें नाहीं. नेसणाऱ्यांचा इतिहास झाला; विणणारे ताण्याबाण्यांत विरून गेले.

पैठणाखेरीज नाशिक जिल्ह्यांतील येवलें हें पैठणीचें मोठें ठिकाण. आमच्या वाचकांस येवलें ठाऊक आहे तें १३ ऑक्टोबर १९३५ मुळें. त्या दिवशीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं धर्मांतराची घोषणा तेथेंच केली. गांव वसविणाऱ्या रघोजी नाईकांनीं तेथें विणकर आणून ठेविले, अशी परंपरेनें चालत आलेली गोष्ट आहे. येवल्यांत आणि भोंवतालच्या खेड्यांत घराघरांतून माग आहेत. खत्री, साळी, कोष्टी, मोमीन अशा निरनिराळ्या जमातींचे हात या धंद्यास लागले. आज जी खरी पैठणी बाजारांत येते तिचा मोठा भाग या मागांवरचा असतो.

आतां एक गोष्ट आमच्या शेतकरी वाचकांनीं ध्यानांत घ्यावी. आपल्या गांवगाड्यांत सुतार, लोहार, कुंभार, चांभार यांस खळ्यावर बलुतें मिळे. तें पुरेसें होतें असें आम्ही म्हणत नाहीं. पण पीक आलें कीं चार पायल्या दाणा घरांत येई. बारा बलुत्यांत विणकर नव्हता. अलुत्यांच्या कांहीं याद्यांत साळ्याचें नांव येतें, तथापि रेशमाचा माग खळ्यावरच्या दाण्यानें चालण्यासारखा नव्हता. रेशीम महाग, जर त्याहून महाग. तीं पेढीवाल्याकडून आणावयाचीं, विणून परत द्यावयाचीं, आणि त्यानें ठरविलेली मजुरी घ्यावयाची, अशी रीत पडली. येवल्याचे पुष्कळ विणकर आजही असेच नगावर मजुरी करतात. भोसरीच्या लहान वर्कशॉपांत ज्यांनीं जॉबवर्क केलें आहे त्यांस हें फोडून सांगावयास नको. माल कंपनीचा, दर कंपनीचा, आणि नग नापास झाला तर नुकसान आपलें! ज्या विणकराजवळ स्वतःचा माल व स्वतःचें गिऱ्हाईक आहे तो तरतो. ज्याच्याजवळ केवळ स्वतःचे हात आहेत तो उचलींत बुडतो.

ही दुर्दशा आजची नाहीं. जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तेव्हां शेतकऱ्याच्या कंगालीसोबत विलायती मालानें देशोधडीस लागलेल्या साळी, कोष्टी, मोमीन यांचीही दैना त्यांनीं मांडली. शेतकऱ्याचें दुःख सांगतां सांगतां त्यांस विणकर आठवला, याचें कारण उघड आहे. दोघेही माल तयार करतात, आणि दोघांच्याही मालाचा भाव तिसराच ठरवितो.

कष्ट ठाऊक झाल्यावांचून भाव समजत नाहीं, म्हणून ही वस्तु होते कशी तें सांगतों. कच्चें रेशीम बहुतेक कर्नाटकांतून येतें, जर सुरतेहून. कच्च्या रेशमावर किड्याच्या लाळेचा डिंकासारखा लेप असतो. सोडा व साबण घातलेल्या उकळत्या पाण्यांत तो काढावा लागतो. त्यांत रेशमाच्या वजनाचा पांचवा ते चौथा हिस्सा निघून जातो, तेव्हां कुठें त्यास मऊपणा व झळाळी येते. मग रंग द्यावयाचा, वाळवावयाचें, रहाटावर उकलावयाचें, कांड्या भरावयाच्या. केसाएवढा धागा, हात जरा खरखरीत असला तरी तुटतो. मागावरचा ताणा संपला कीं नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्याच्या टोकास जोडावा लागतो, आणि असे धागे हजारोंनीं असतात. हीं कामें बहुतकरून घरच्या बाया, पोरी व म्हातारीं माणसें करतात. मजुरीच्या वहींत मात्र एकट्या विणकराचें नांव असतें.

यानंतर विणणें. विणकर खड्ड्याच्या कांठावर बसतो, पाय खड्ड्यांतल्या पट्ट्यांवर, हात धोट्यावर. पैठणीच्या कांठाचा रंग अंगाच्या रंगाहून निराळा असतो. त्यासाठीं एका ओळीस तीन धोटे चालतात. दोन कांठांचे दोन, अंगाचा एक. कांठाचा धागा आणि अंगाचा धागा प्रत्येक ओळीस एकमेकांत अडकवून परत फिरवावयाचा. कडियल म्हणतात तो हाच जोड. यामुळें कांठ वेगळा लावलेला दिसत नाहीं आणि वर्षानुवर्षें वापरूनही उसवत नाहीं. ताणा एका रंगाचा व बाणा दुसऱ्या रंगाचा घातला म्हणजे धूपछांव होते; लुगडें हालेल तसा रंग फिरतो.

पदर हें सर्वांत कठीण काम. तेथें भुई जरीची असते आणि तीवर मोर, मुनिया, कमळ, असावलीची वेल, कोयरी हीं रंगीत रेशमानें भरतात. तेथें धोटा या कडेपासून त्या कडेपर्यंत फेंकून चालत नाहीं. प्रत्येक रंगाची निराळी बारीक कांडी असते. मुनियेच्या चोंचीचा लाल धागा आपल्या वांट्याचे चार-सहा ताण्याचे धागे ओलांडून मागें फिरतो, त्यास लागून पिसांचा हिरवा धागा सुरू होतो, तोही आपली हद्द संपतांच परततो, आणि दोहोंच्या मध्यें जरीचा धागा भुई भरीत जातो. अशा सगळ्या कांड्या एकदां फिरल्या म्हणजे एक ओळ झाली. मग फणीनें ठोकावयाची आणि पुढची ओळ घ्यावयाची. दिवसभर मान मोडून बसल्यावर भरगच्च पदर बोटांनीं मोजण्याइतका पुढें सरकतो. अगदीं साध्या पैठणीसही दोन-तीन आठवडे सहज जातात. पदर भरला कीं महिने मोजावे लागतात, आणि अंगभर नक्षी असली तर वर्ष उलटतें.

आम्ही पडलों शाळामास्तर. मुलांस सममिति शिकवितों, गुणोत्तर शिकवितों, फळ्यावर वर्तुळ काढून दाखवितों. बांगडी मोराची नक्षी पाहिली तेव्हां आम्हांस एक गोष्ट कळली. ताणा उभा, बाणा आडवा. दोहोंच्या छेदांत सगळे चौकोनच पडणार. तेथें गोल बांगडी काढावयाची तर प्रत्येक ओळीस किती धागे सोडावयाचे व किती धरावयाचे याची गणती करावी लागते, आणि उजव्या बाजूस जी गणती केली तीच डाव्या बाजूस उलट मोजावी लागते. एक धागा चुकला तर मोराची मान वांकडी होते. ज्या माणसास जग 'शिकलेला नाहीं' म्हणून हिणवितें तो हें गणित रोज बोटांनीं करतो. शाळेच्या दाखल्यावर ज्याची नोंद नाहीं तें ज्ञानच नव्हे, ही समजूत आपल्यांत फार दिवस मुरली आहे. नांगराची ओळ सरळ धरणें, भात्याच्या आंचेवर लोखंडाचा रंग ओळखणें आणि रेशमाच्या ओळींत गोल उभा करणें, हीं सर्व विद्याच आहेत. ज्यांच्या हातीं त्या होत्या त्यांस कोणी विद्वान म्हटलें नाहीं, एवढेंच.

आतां भावाचा हिशेब करूं. हा नमुन्याचा हिशेब आहे. प्रत्येकानें आपापल्या परीनें कमी-जास्त करून पाहावा. एक साधी सहावारी धरा. पदर हलका, बुट्टी तुरळक. मागावर १५ दिवस लागले असें धरूं. आमच्या दिघींत गवंड्याच्या हाताखालीं घमेलें वाहणारा मनुष्य ६०० रुपयांखालीं सहसा मिळत नाहीं. विणकरास त्याच्याएवढीच मजुरी देऊं, जास्त नको. १५ दिवसांचे झाले ९,००० रुपये. कांड्या भरणाऱ्या घरच्या बाईस त्याच्या निम्मे धरूं, म्हणजे ४,५०० रुपये. मजुरीच झाली १३,५०० रुपये. अजून रेशीम यावयाचें, जर यावयाची, रंग यावयाचा, मागाची झीज, कर, दुकानाचें भाडें व दुकानदाराचा नफा यावयाचा. आणि शहरांतल्या दुकानांवर पाटी काय असते? 'अस्सल पैठणी, २,५०० रुपये!' वाचकहो, येथें दोहोंपैकीं एकच गोष्ट खरी असूं शकते. एक तर तें कापड हाताचें नाहीं, किंवा तें विणणाऱ्या हाताला पोट नाहीं.

पहिली गोष्ट बहुधा खरी असते. यंत्रमागावर असें कापड झपाट्यानें निघतें. तें सुरतेकडून येतें, बनारसेकडून येतें, दक्षिणेकडूनही येतें. त्यांत पुष्कळदां रेशमाऐवजीं कृत्रिम धागा व जरीऐवजीं चमकीचा प्लास्टिकसारखा धागा असतो. दुसरी गोष्टही खोटी नाहीं. २०१९-२० सालच्या चौथ्या हातमाग गणनेप्रमाणें देशांत हातमागावर व त्याच्या जोडकामांवर ३५ लाखांहून अधिक माणसें होतीं. त्यांतील विणकरांत शंभरांत सत्तरांहून अधिक स्त्रिया. आणि विणकर घरांपैकीं सुमारें दोन तृतीयांश घरांची मिळकत महिन्यास ५,००० रुपयांच्या आंत होती. महिन्यास पांच हजार! तेवढ्यांत आमच्याकडे एका खोलीचें भाडेंही भागत नाहीं. अशा घरचा मुलगा बापाचा माग सोडून कारखान्याच्या फाटकाशीं उभा राहिला तर त्यास कोणीं दोष द्यावा?

किंमत जास्त दिली म्हणजे माल खरा, अशीही समजूत कोणी करून घेऊं नये. गेल्या सालीं आमच्या वर्गांतील एका मुलीची आई शाळा सुटल्यावर पिशवी घेऊन आली. "मास्तर, थोरलीच्या लग्नाची आहे. खरी आहे का तेवढं बघा," म्हणाली. अकरा हजारांस घेतलेली. बचत गटाचें कर्ज काढलेलें. आम्हीं पदर उलटा केला. सुलट बाजूस मोर होते, उलट बाजूस मोरांचा पत्ता नाहीं. सगळे लोंबते, कातरलेले धागे. गोंड्यांतला एक धागा काढून काडीनें पेटविला तों त्याची काळी घट्ट गोळी झाली. त्या माउलीनें कांहीं विचारलें नाहीं. पदराची घडी होती तशीच घातली आणि "आता परत घेतील का हो?" एवढेंच म्हणाली. दुकानदारानें परत घेतली नाहीं, कारण पावतीवर 'साडी, नग १' याखेरीज अक्षर नव्हतें. हफ्ते ती अजून भरीत आहे. येवल्याच्या कोणत्याही मागावर यांतला एक रुपया गेला नाहीं.

तेव्हां खरें-खोटें ओळखावें कसें, तें आमच्या भगिनींनीं नीट वाचून ठेवावें. पदर व कांठ उलटे करून पाहा. हातानें भरलेल्या पदराची नक्षी दोन्ही बाजूंनीं सारखीच उठून दिसते. मागें लांब धागे लोंबत असतील किंवा कातरलेले असतील तर कांड्यांनीं भरलेलें तें काम नव्हे. हातमागावरही कांहीं ठिकाणीं नक्षीसाठीं जकार्ड लावतात. तो माल हातमागाचाच, पण त्याचे कष्ट कमी व त्याचा भाव कमी, म्हणून विकणाऱ्यानें तें सांगितलें पाहिजे. कांठ व अंग जेथें मिळतात तेथें दोन रंगांचे धागे एकमेकांत अडकलेले दिसतात कीं नाहीं तें पाहा. सुटा धागा मिळाला तर पेटवून पाहा. रेशमास केस जळल्याचा वास येतो व राख बोटानें चुरते, कृत्रिम धाग्याची गोळी होते.

शिक्क्यांविषयींही घोटाळा पुष्कळ आहे. २००४ पासूनचा 'सिल्क मार्क' सांगतो तो एवढेंच कीं धागा शुद्ध रेशमाचा आहे. तो यंत्रमागाच्या रेशमी साडीवरही असूं शकतो. २००६ पासूनचा 'हँडलूम मार्क' सांगतो कीं कापड हातमागाचें आहे. रेशमाची हमी त्यांत नाहीं. म्हणजे पैठणीस दोन्ही पाहिले पाहिजेत. शिवाय २०१० सालीं पैठणीस भौगोलिक मानांकन मिळालें, त्यामुळें हें नांव आतां वाटेल त्यानें वाटेल त्या कापडास लावणें कायद्यास धरून नाहीं.

कायदा म्हटला म्हणजे सरकार आलें. १९८५ सालीं हातमागासाठीं कांहीं वस्तूंचें उत्पादन राखून ठेवण्याचा कायदा झाला. आरंभीं त्यांत २२ प्रकार होते, पुढें ते ११ वर आणले. ठराविक लक्षणांच्या साड्या त्यांत आहेत. यंत्रमागवाल्यांनीं त्याविरुद्ध दाद मागितली, पण १९९३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें कायदा कायम केला. कागदोपत्रीं याहून काय पाहिजे? परंतु खोटी पैठणी उघड्या दुकानांत, उघड्या पाटीखालीं विकली जाते आणि तपासणीचा मनुष्य फारसा कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं. १९०५ च्या स्वदेशी चळवळीची आठवण म्हणून २०१५ पासून ७ ऑगस्ट हा हातमाग दिन पाळतात. आणि २०२० च्या जुलै महिन्यांत अखिल भारतीय हातमाग मंडळ सरकारनें बरखास्त केलें, तेव्हां तो दिन दहा-बारा दिवसांवर आला होता. दिन पाळला, आणि विणकराचें गाऱ्हाणें जेथें मांडलें जाई ती एक जागा मोडली. यास काय म्हणावें तें वाचकांनींच ठरवावें.

कोणी म्हणेल, "मास्तर, गरिबाच्या पोरीस अडीच हजारांत पैठणीसारखें कांहीं नेसावयास मिळतें, तें तुमच्या डोळ्यांत कां खुपतें?" तें आम्हांस मुळींच खुपत नाहीं. यंत्राचें कापड यंत्राचें म्हणून घ्यावें, आनंदानें नेसावें. भिवंडी, मालेगांव, इचलकरंजी येथें यंत्रमागावर रात्रपाळी करणारा मजूर आमचा वैरी नाहीं. तोही आपल्याच पोटजातीचा, म्हणजे पोटासाठीं राबणाऱ्यांच्या जातीचा आहे. आमचें भांडण नांवाच्या चोरीशीं आहे. यंत्राच्या मालास हाताचें नांव देऊन जो वरचा पैसा काढतो, त्यानें घेणाराचा खिसा व विणणाराची भाकर अशी दुहेरी चोरी केली आहे.

दुसरा कोणी म्हणेल, "पैठणी ही श्रीमंतांची चैन. तिच्या नांवानें आपण कां रडावें?" यास उत्तर असें कीं, श्रीमंतांनीं जरूर घ्यावी व पुरा दाम मोजून घ्यावी. चैन नेसणाराची असेल, पण पोट विणणाराचें आहे. शिवाय या धाग्यास शेतकऱ्याचाही हात लागलेला आहे, हें कितीकांस ठाऊक नाहीं. मराठवाड्यांत जालना, बीडकडे कित्येक शेतकरी तुतीची लागवड करून रेशमाचे किडे पाळतात. त्यांचे कोष विकावयास कर्नाटकांत रामनगरच्या बाजारांत न्यावे लागत. २०१८ सालीं जालन्यास कोषांची बाजारपेठ निघाली तेव्हां ती पायपीट कांहींशी कमी झाली. विचार करा, कोष मराठवाड्याचे आणि माग येवल्याचे, पण मधला सूत काढण्याचा व पीळ देण्याचा धंदा फार करून परप्रांतीं. तो धंदा पैठण, जालना, येवलें या पट्ट्यांत वाढला तर तुतीवाल्या शेतकऱ्यास भाव मिळेल आणि विणकरास सूत जवळ मिळेल. एक सहकारी साखर कारखाना काढावयास जेवढी धडपड आपले पुढारी करतात, तिच्या चौथाईनें हें काम होण्यासारखें आहे.

आतां आपण आपल्या घरीं काय करावें? लग्नाच्या खर्चाविषयीं आपणांस नवें शिकविण्याची गरज नाहीं. २५ डिसेंबर १८७३ रोजीं सत्यशोधक समाजाच्या रीतीनें पहिलें लग्न लागलें तेंच मुळीं थोडक्या खर्चांत. कर्जाच्या पैठणींत उभी राहिलेली मुलगी सासरीं गेल्यावर तें कर्ज तिचा बाप व भाऊ फेडीत राहतात. म्हणून आमचें पहिलें सांगणें हें कीं, पैठणीसाठीं कर्ज काढूं नये. ऐपत नसेल तर चांगली सुती साडी घ्यावी, तिनें लग्न अडत नाहीं.

दुसरें सांगणें मानपानाविषयीं. एकेका लग्नांत चाळीस-चाळीस, पन्नास-पन्नास साड्या आहेरांत वांटतात. पांच-सहाशेंची साडी, तीवर जरीची खोटी पट्टी, तिचें नांव पैठणी. ती कोणी नेसत नाहीं. एका लग्नांतून दुसऱ्या लग्नांत फिरत राहते. पन्नास साड्यांचे पंचवीस हजार होतात. मानाच्या साड्या गांवानें मिळून बंद केल्या तर तेवढ्याच पैशांत नवरीस एक खरी पैठणी होईल, ती तिच्या लेकीसही नेसतां येईल, आणि एका विणकराच्या घरीं दोन महिने चूल पेटेल. ऐपत असूनही ज्यांस नकोच वाटेल त्यांनीं तो पैसा मुलीच्या नांवें ठेवावा.

तिसरें सांगणें असें कीं, घ्यावयाचीच तर मागाजवळ जाऊन घ्यावी. दिघीहून येवलें एका दिवसांत जाऊन येण्यासारखें आहे. आळंदी-पंढरीस आपण टेंपो करून जातों तसे चार घरांनीं मिळून जावें, माग पाहावा, विणणाऱ्याशीं बोलावें, त्याच्या बायकोस विचारावें, "ताई, या पदराला किती दिवस लागले?" शहरांतच घ्यावयाची असेल तर पावतीवर 'हातमाग, शुद्ध रेशीम, पैठणी' हे शब्द लिहून घ्यावे व विणकराचें नांव-गांव विचारावें. दुकानदार लिहून देण्यास कचरला तर उठून यावें. लिहिलेल्या पावतीवर ग्राहक आयोगाकडे दाद मागतां येते. कोऱ्या पावतीवर रडण्यापलीकडे कांहीं करतां येत नाहीं.

शेवटचें सांगणें विणकर बंधूंस. आपल्या मालावर आपलें नांव घाला. पदराच्या कोपऱ्यांत चार अक्षरें विणणें ज्यानें मोर विणला त्यास जड नाहीं. सोसायट्या आजपर्यंत पुष्कळ निघाल्या आणि पुष्कळ चार घरांच्या ताब्यांत गेल्या, हें आम्हांस ठाऊक आहे; तरी रेशीम-जरीची एकत्र खरेदी आणि मालाची एकत्र विक्री यावांचून पेढीवाल्याची उचल सुटणार नाहीं. दुधाच्या सोसायट्यांनीं आमच्या शेतकऱ्यांस एवढें तरी शिकविलें आहे.

दोन-चारशें वर्षें ज्यांनीं दुसऱ्यांच्या अंगावर मोर नाचविले त्यांच्या अंगावर धड कापड नसावें, ही लाज विणकराची नव्हे. आपण बाजारांत उभे राहून 'कितीची?' एवढाच प्रश्न विचारीत आलों, तींत आपलाही वांटा आहे. यंदाच्या लग्नसराईंत दुकानाची पायरी चढाल तेव्हां त्यापुढें आणखी दोन प्रश्न विचारा: कोणीं विणली, आणि त्यास काय मिळालें? उत्तर मिळेपर्यंत गांठीचा पैसा सोडूं नका.